विश्लेषण : परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप; आतून अस्तर लावायचे, पण कशाचे आणि कसे?

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत, गोकुळ शिरगाव आणि शिरोली या वसाहतींच्या आधाराने कागल परिसरात घरोघरचे जॉबवर्क चालते. कंपनीत काही वर्षे काढलेला ऑपरेटर जुना लेथ घेतो, घरामागच्या परड्यात चार खांब उभे करून पत्रे मारतो आणि कामाला लागतो. पहिला एप्रिल येतो तेव्हा दुपारी बारानंतर आत उभे राहवत नाही. पहिला पाऊस येतो तेव्हा लेथच्या बेडवर तांबूस डाग दिसतात. मग कोणी तरी सांगते, ‘वरून थर्माकोल मार, गार होईल.’

हा सल्ला अर्धवट आहे आणि वेल्डिंग चालणाऱ्या शेडमध्ये तो धोक्याचाही आहे. शेड आतून मढवण्याआधी पत्रा नेमका का तापतो आणि त्याला घाम का सुटतो, हे समजून घेतले तर पैसे योग्य जागी लागतात.

पत्रा इतका का तापतो?

बारा बाय वीस फुटांचे साधे शेड धरू. छताचे क्षेत्र झाले सुमारे २२ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर ९०० ते १,००० वॉट इतके ऊन पडते. म्हणजे छतावर एका वेळी २० किलोवॉटच्या आसपास उष्णता ओतली जात असते. पाणी तापवायच्या एक किलोवॉटच्या वीस कॉइल छतावर मांडल्यासारखेच झाले. यातली बरीच वाऱ्याने आणि परावर्तनाने जाते. उरलेली पत्रा पिऊन टाकतो आणि जुना, काळवंडलेला पत्रा ६० ते ७० अंशांपर्यंत सहज जातो.

पत्र्याची जाडी अर्धा मिलिमीटर. पोलादातून उष्णता थर्माकोलच्या हजारपटीहून अधिक सहज वाहते. त्यामुळे वरची उष्णता खालच्या बाजूला यायला वेळच लागत नाही. खालून तो पत्रा मग शेगडीसारखा किरणोत्सर्ग करतो. डोक्याला आणि खांद्याला जी धग लागते ती गरम हवेची कमी आणि या किरणांची जास्त असते. म्हणूनच पत्र्याखाली सीलिंग फॅन लावला की त्रास वाढल्यासारखा वाटतो, कारण तो छतालगतची सर्वांत गरम हवा खाली ढकलतो. अशा शेडमध्ये भिंतीवरचा किंवा उभा पंखा बरा.

याचा फटका फक्त माणसाला बसत नाही. पोलादाचा १०० मिमी व्यासाचा जॉब १० अंशांनी तापला तर ०.०११ मिमीच्या आसपास वाढतो. जॉब तापलेला आणि मायक्रोमीटर सावलीतला, असे झाले की माप चुकते. ॲल्युमिनियमचा जॉब याच्या दुप्पट वाढतो. बेअरिंगच्या फिटिंगचे काम करणाऱ्याला एवढा फरक म्हणजे परत आलेला लॉट. शेडमध्ये घामाघूम होऊन केलेले काम कंपनीच्या वातानुकूलित तपासणी खोलीत नापास होते, त्यामागे कधी कधी ऑपरेटरचा हात नसून छप्पर असते.

आणि पत्र्याला घाम कशाने सुटतो?

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, पहाटे मोटरसायकलच्या सीटवर दव असते. छतावरही तेच घडते. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. शेडमधली हवा २४ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २१ अंशांवर दव धरते. पत्रा २० अंशांवर गेला की त्याच्या खालच्या बाजूला थेंब जमतात आणि पहाटे ते यंत्रावर टपकतात. लोक म्हणतात छत गळते. स्क्रू बदलतात, डांबर लावतात, तरी ‘गळती’ थांबत नाही, कारण ते पाणी बाहेरून आलेलेच नसते.

ओळखायची खूण सोपी आहे. पाऊस नसलेल्या पहाटे थेंब पडत असतील तर ते दव. पाऊस पडताना ठरावीक एकाच जागी पडत असतील तर ती गळती.

आता या ओल्या पत्र्याला खालून थर्माकोलची शीट चार ठिकाणी डिंक लावून चिकटवली, तर काय होईल? शीट आणि पत्रा यांच्यात फट राहते. दमट हवा तिथे शिरते आणि थंड पत्र्यावर पाणी धरते. ते पाणी सुकायला वारा नाही. वर्ष-दोन वर्षांत पत्रा आतून सडतो, पण अस्तराआड ते दिसत नाही. शिवाय थर्माकोल ८० अंशांच्या आसपास आकसू लागतो, म्हणजे मे महिन्यातला पत्रा त्याच्या सहनशक्तीच्या अगदी काठावर असतो. दुसऱ्या उन्हाळ्यात शीट सुटून लोंबू लागते ती यामुळे.

मग सुरुवात कुठून?

छतावरून. पण आतून नव्हे, वरून.

सहा मीटर लांब पत्रा ४० अंशांनी तापला की सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. संध्याकाळी, किंवा मे महिन्यात वळीव कोसळला तर एका मिनिटात, पुन्हा आखडतो. तो टण्‌टण् आवाज त्याचाच. रोजच्या या हालचालीने स्क्रूची भोके लांबट होतात आणि वॉशर फाटतात. अस्तर लावण्याआधी एकेक स्क्रू तपासा. फाटलेले रबर वॉशर बदलून ईपीडीएमचे घ्या. गंज तारेच्या ब्रशने काढून झिंकचा प्रायमर मारा. हे काम हिवाळ्यातल्या सकाळी, दव वाळल्यावर करायचे. पत्र्यावर थेट पाय न देता पर्लिनवर आडवी फळी टाकून चालायचे. उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर तर चुकूनही पाय देऊ नका. तो वर्षानुवर्षांच्या उन्हाने ठिसूळ झालेला असतो आणि रंग मारल्यावर तो कोणता हे ओळखूही येत नाही.

छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर वेगळी काळजी हवी. त्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते कापू नका, घासू नका, कोरडे भोक पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

यानंतर पांढरा कूल रूफ रंग. नवा पांढरा थर बहुतांश ऊन परत फेकतो. खर्चाच्या मानाने एवढा गुण दुसऱ्या कशालाच नाही. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये कूल रूफसाठी स्वतंत्र धोरणच आणले, ते याच साध्या तत्त्वावर. चुना मारून भागते असे म्हणतात, पण तो पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातो. रंगावरही धूळ बसते. फौंड्रीच्या किंवा रस्त्याच्या धुळीच्या भागात उन्हाळ्याआधी छत एकदा धुवावेच लागते.

आपल्याकडे उसाचे पाचट छतावर पसरायची पद्धत आहे. गोठ्याला ते ठीक. जिथे ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे वाळलेले पाचट म्हणजे सरपण, आणि पावसात भिजले की पत्र्याला ओल धरून ठेवणारे पोते. शेडपासून थोडा वेगळा मांडव करून त्यावर दोडक्याचा वेल पश्चिमेला सोडला तर त्याचा उपयोग जास्त.

वारा यायला वाट आहे का?

छपरावर गरगर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर आता सगळीकडे दिसतो. तो चांगला आहे, पण खालून हवा आत यायला वाट नसेल तर तो शोषणार काय? बंद शटर आणि बंद खिडक्यांच्या शेडवर तो नुसता फिरतो. जेवढी वर जाळी तेवढी किंवा थोडी जास्तच खाली हवी. शक्यतो सावलीच्या बाजूला, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर.

दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. प्रोफाइल पत्र्याच्या पन्हळी वळचणीला जिथे संपतात, तिथे भिंत आणि पत्रा यांच्यात आपोआप भोके राहतात. धूळ आणि पाली येतात म्हणून ती सिमेंटने किंवा फोमने बुजवली जातात. ती फुकटची वायुवीजनाची वाट असते. बुजवू नका, बारीक जाळी लावा. एकपाखी शेड असेल तर वरच्या कडेलाही जाळीची फट ठेवा. दुपाखी असेल तर आढ्यावरच्या कोणाखाली. खालून थंड हवा आत, वरून गरम हवा बाहेर, हे चक्र दिवसरात्र चालते आणि त्याला वीज लागत नाही.

आतला थर नेमका कसा बसवायचा?

वरून खाली क्रम असा : पत्रा, मोकळी हवा, चकचकीत फॉइल, लोकरीसारखा उष्णतारोधक थर आणि शेवटी दिसणारे अस्तर.

यातली मोकळी हवा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पत्रा आणि फॉइल यांच्यात किमान एक इंच, जमल्यास पर्लिनच्या पूर्ण उंचीएवढे अंतर ठेवा. फॉइल हा किरणांना अडवणारा पदार्थ आहे. रंगवलेला किंवा गंजका पत्रा जेवढी उष्णता किरणांनी फेकू शकतो, त्याच्या जेमतेम पाच टक्के चकचकीत ॲल्युमिनियम फेकते. पण हा गुण समोर हवा असेल तरच. फॉइल दोन्ही बाजूंनी कशाला तरी चिकटली की ती नुसता धातूचा पातळ पापुद्रा उरते आणि उष्णता आरपार जाते. बाजारात मिळणारी बबल शीट पत्र्याला दाबून चिकटवली तर पैसे वाया जातात ते यामुळेच. एकच बाजू चकचकीत असेल तर ती शक्यतो खाली करून तिच्याखालीही पोकळी ठेवा. वर केलेल्या बाजूवर धूळ साचते आणि धूळ बसली की चमक संपली.

फॉइल उताराला समांतर, झोळ न पडता ताणून बसवा. खालची पट्टी आधी, वरची तिच्यावर चढवून, कौले बसवतो तशी. खालची कड भिंतीच्या बाहेर किंवा पन्हळीत उतरवा. रात्री पत्र्यावरून पडणारे दवाचे थेंब मग फॉइलवरून घरंगळत बाहेर जातात. लेथवर पडत नाहीत.

याला एक अपवाद आहे. बंद पेशींचा एक्सएलपीई फोम मागच्या चिकट बाजूने पत्र्याला शंभर टक्के चिकटवला, कडा टेपने बंद केल्या, तर पत्र्यापर्यंत दमट हवाच पोहोचत नाही आणि दव धरत नाही. नवे शेड उभे करताना, पत्रे जमिनीवर असतानाच हे नीट होते. जुन्या, गंज लागलेल्या, धुळकट पत्र्यावर खालून चिकटवायला गेलात तर पहिल्या उन्हाळ्यात सुटायला लागेल.

खालचे अस्तर निवडताना वजन पाहा. आठ मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड दर चौरस मीटरला सुमारे ११ किलो भरतो. आपल्या २२ चौरस मीटरच्या छताला तो टांगला तर जवळजवळ पाव टन भार कैचीवर आला. परड्यातल्या शेडची कैची पत्रा आणि वारा एवढाच हिशेब धरून, तोही अंदाजाने, जोडलेली असते. छताला त्यापेक्षा ०.३५ मिमीचा रंगीत पत्रा उलटा मारणे बरे. त्याचे एकूण वजन ६० ते ६५ किलो. जोडणी फॅब्रिकेटरला दाखवूनच पुढे जा. सिमेंट बोर्ड भिंतीसाठी ठेवा.

थर्माकोल, ग्लासवूल की पफ?

नुसती उष्णता अडवण्यात पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, सर्वांत पुढे. त्याच्यामागे थर्माकोल आणि ग्लासवूल जवळजवळ बरोबरीने. कोटेशन घेताना हाच तक्ता दाखवला जातो. आगीचा रकाना त्यात नसतो.

ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ च्या पहाटे ‘किस’ नावाच्या नाइटक्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी छताला लागली. आवाज दाबण्यासाठी छताला आतून पॉलियुरेथेन फोम लावलेला होता. २४२ माणसे गेली, त्यातली बहुतेक जळून नव्हे तर धुराने. हा फोम जळताना सायनाइडचा वायू सोडतो. क्लबमध्ये ठिणगी ही दुर्घटना होती. वर्कशॉपमध्ये ती रोजची गोष्ट आहे.

थर्माकोलही वितळतो आणि पेटते थेंब खाली गाळतो. ‘एफआर’ प्रतीचा माल ज्वाला बाजूला केल्यावर विझतो, हे खरे. पण ग्राइंडरखाली कापूस, ऑइल आणि थिनर असताना ज्वाला बाजूला कोण करणार? उघडा फोम किंवा उघडा थर्माकोल वेल्डिंगच्या शेडमध्ये लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन्ही बाजूंनी पत्रा असलेले पफ पॅनेल वापरायचे असेल तर कापलेल्या कडा पत्र्याच्या पट्टीने पूर्ण झाका आणि त्या पॅनेलवर कधीही वेल्डिंग करू नका. बाहेरून काही न दिसता आतला फोम धुमसत राहतो.

ग्लासवूल आणि रॉकवूल जळत नाहीत. ५० मिमी जाडीचे ग्लासवूल छताला पुरते. वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या कोपऱ्यात रॉकवूल घ्या, ते जास्त तापमान सोसते. दोन्ही बसवताना मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे हवेत. दोन्ही उघडी ठेवायची नाहीत. भिजलेली लोकर काहीही अडवत नाही आणि लवकर वाळत नाही, म्हणून गळती आधी बंद करायची. उंदरांना ती फार आवडते. कडा जाळीने बंद न करता लावलेल्या लोकरीत पहिल्याच हिवाळ्यात घरटे होते.

भिंतींनाही सगळे करायचे का?

नाही. दुपारनंतर तापते ती पश्चिमेची भिंत. पैसे कमी असतील तर छत आणि पश्चिम भिंत करा, उत्तरेची तशीच सोडा. भिंतीला चौकोनी पाइपची चौकट, मध्ये रॉकवूल, वर सहा किंवा आठ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. टूल टांगायचे असतील त्या जागी बोर्डामागे जास्तीचा पाइप आधीच टाका. नंतर सुचले तर बोर्डाला रावळप्लग मारत बसावे लागते आणि जड व्हाइस काही त्यावर टिकत नाही.

अस्तराची खालची कड फरशीपासून आठ इंच वर थांबवा. परडे धुताना, पावसाचे पाणी आत आले तर आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्याने पाहिले तसे पुराचे पाणी चढले तर, बोर्ड आणि लोकर दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढतात. नदीकाठच्या गावांत मधल्या उंचीपर्यंत विटांचीच भिंत ठेवून अस्तर त्यावरून सुरू केलेले शहाणपणाचे.

अचूक मापाचे काम असेल किंवा एसी लावायचाच असेल, तर सगळे शेड थंड करायच्या फंदात पडू नका. शेडच्या आत आठ बाय आठची वेगळी खोली बांधा. वीज बिलात फरक दिसेल.

शेजाऱ्यांच्या कानाचे काय?

गावात घरे भिंतीला भिंत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. अँगल ग्राइंडर एकटाच ती कितीतरी ओलांडतो. थर्माकोल आवाज अडवत नाही. तो हलका असतो आणि आवाजाला वजन अडवते. रॉकवूलवर सिमेंट बोर्ड लावलेली भिंत हे काम बऱ्यापैकी करते, पण वाऱ्यासाठी ठेवलेल्या जाळीतून आवाज निघतोच. म्हणून खालची जाळी शेजाऱ्याच्या खिडकीकडे काढू नये. रात्रीच्या ग्राइंडिंगला कोणतेही अस्तर पुरे पडत नाही.

वायरिंग आधी की अस्तर आधी?

वायरिंग अस्तराच्या वरून, दिसेल असे, पाइपातून. थर्माकोलला चिकटून गेलेल्या पीव्हीसी वायरचे आवरण काही वर्षांत कडक आणि ठिसूळ होते. आवरण मऊ ठेवणारे द्रव्य थर्माकोल हळूहळू शोषून घेतो. लोकरीत दडवलेली वायर तापते, कारण तिची उष्णता बाहेर पडत नाही. शेड संपूर्ण धातूचे असल्याने खांब आणि आतली चौकट दोन्ही अर्थिंगला जोडा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

घरगुती जोडणीवर लेथ चालवणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी जबर असते. औद्योगिक जोडणी आणि कागल नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची परवानगी, हे दोन्ही अस्तराच्या खर्चाआधी पाहायचे.

एवढे करूनही लेथ गंजतो, तो का?

जून-जुलैत रात्रभर बंद शेडमध्ये लेथचा ओतीव बेड गार पडतो. सकाळी आठला शटर उघडले की बाहेरची उबदार, दमट हवा एकदम आत येते आणि त्या थंड लोखंडावर बसते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा घाम. छत कितीही मढवले तरी हे होणारच, कारण बीड भरपूर आणि ते तापायला वेळ लागतो. अशा सकाळी शटर सताड न उघडता थोडे वर करा, यंत्र रिकामे फिरवून गरम होऊ द्या, मग कामाला लागा. संध्याकाळी स्लाइडवेज पुसून तेलाचा हात फिरवा आणि वर जाड सुती कापड टाका. प्लॅस्टिक नको, त्याच्याखाली ओल कोंडते. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि टॅप-डाय लाकडी कपाटात ठेवून त्यात जुना ४० वॉटचा दिवा जाळीच्या पिंजऱ्यात रात्रभर पेटता ठेवला की कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार राहते आणि हत्यारांवर दव धरत नाही. दिव्याजवळ कापूस आणि तेलाची चिंधी मात्र ठेवायची नाही.